बशी कोणी फोडली? : बालनीतिकथेविषयी काही विचार

तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ च्या सुमारास ‘बालबोध मुक्तावली’ नावाचे पुस्तक बाहेर पडले. इसापच्या कथा मराठीत आणून सख्खन पंडितांनी ते सिद्ध केले होते. देवनागरीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. ते पुण्यास किंवा मुंबईस नव्हे, तर कावेरीच्या काठी छापले गेले, ह्या गोष्टीचे परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास कौतुक वाटले तर त्यात नवल नाही. आम्ही ज्या पापनाशम गावी आहोत तेथून तंजावर सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. रविवारी सरस्वती महालाकडे फेरी मारून आले की ह्या मुलखात आपण अगदीच उपरे नाही, असा धीर चार दिवस पुरतो.

परंतु कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. छपाईची नवी कला हाती आल्यावर मुलांसाठी राजाने नीतिकथाच का निवडली? सरफोजींचे स्वतःचे बालपण आठवले तर ह्या निवडीला वेगळाच अर्थ येतो. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले तेव्हा त्यांचे वय दहा वर्षांचे होते. ज्या अमरसिंहाच्या हाती त्यांचा सांभाळ सोपविला त्याने मुलाला कोंडून ठेवले व शिक्षणाकडे दुर्लक्ष केले. पुढे श्वार्ट्झ ह्या मिशनऱ्याच्या खटपटीने ते १७९३ मध्ये मद्रासला गेले आणि १७९८ मध्ये गादीवर बसले. वडीलधारी माणसेच दिलेल्या शब्दाला जागत नाहीत तेव्हा मुलाच्या वाट्याला काय येते, हे त्या राजाला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. अशा माणसाने मुलांच्या हाती नीतीचे पुस्तक द्यावे, हे सहज समजण्याजोगे आहे.

तेव्हापासून आजतागायत मराठी मुलाच्या हाती पहिले पुस्तक येते ते बहुधा नीतिकथेचेच. मुंबईकडे सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी १८२८ मध्ये इसापच्या कथा व ‘बाळमित्र’ अशी दोन्ही पुस्तके दिली. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघाले आणि वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ मध्ये. ह्या साऱ्या उद्योगामागे एक दृढ समजूत आहे : मुलाला चांगली गोष्ट सांगितली की ते चांगले वागू लागते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी एकच कसोटी आम्ही येथे घेतो. आपण जे बोललो व जे केले ते आपले आहे, असे मुलाने म्हणावे, ह्यासाठी ह्या कथांचा उपयोग होतो काय?

आमचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. ह्या कथा परिणामाचे भय उत्तम शिकवितात. आपल्या कृत्याबद्दल उत्तर देणे मात्र शिकवीत नाहीत.

लांडगा आला रे आला म्हणून गावाला दोनदा फसविणाऱ्या धनगराच्या पोराची गोष्ट घ्या. शब्दाची जबाबदारी शिकविणारी ही जगातील सर्वांत प्रसिद्ध कथा असावी. तिचा बांधा निर्दोष आहे. एकही शब्द जास्त नाही. पण ती पुन्हा एकदा, मुलाच्या जागी बसून वाचावी. पोर पहिल्यांदा खोटे ओरडते, लोक धावत येतात आणि चिडून परत जातात. दुसऱ्यांदाही तेच होते. तिसऱ्यांदा लांडगा खरोखर येतो व मेंढरे जातात. ह्या सबंध कथेत त्या पोराशी कोणीही बोलत नाही. “तू असे का केलेस?” असे त्याला कोणी विचारीत नाही. एकट्याने दिवसभर रानात बसून त्याला कंटाळा आला असेल, भीती वाटली असेल. ते सांगण्याची संधी त्याला मिळत नाही, आणि पहिल्या खोट्यानंतर “चुकलो” म्हणण्याची वाटही कथेने ठेवलेली नाही. शेवटी न्याय करतो तो लांडगा. हुशार मूल त्यातून एवढाच बोध घेते की तिसऱ्यांदा ओरडू नये.

‘पंचतंत्रा’ची गोष्ट तर आणखी निराळी. विष्णुशर्म्याने तीन मंद राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलला होता. ते शहाणपण दरबारात जगून राहण्याचे होते. मगरीच्या पाठीवर बसलेले माकड आपले काळीज झाडावरच राहिले म्हणून सांगते आणि जीव वाचविते. कथा खुमासदार आहे आणि माकडाचा खोटेपणा क्षम्यही आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला त्यातून कळते ते हे की वेळेवर सुचलेली थाप हे बुद्धीचे लक्षण होय. त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी दप्तराबद्दल अशीच एखादी थाप मारली म्हणजे आपण रागावतो. त्या बिचाऱ्याला आपल्या रागाचा उलगडा होत नाही. असो.

छत्र्यांच्या ‘बाळमित्रा’त प्रथमच प्राणी मागे पडले आणि मुले पुढे आली. बेर्कँ ह्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या द्वारा, ते मराठीत आले. घर, आईबाप, भावंडे आणि त्यांचे लहानमोठे अपराध हा त्याचा विषय. भाषांतरित असूनही ऐतिहासिक दृष्ट्या ही पायरी मोठी होती, कारण अपराधाचा निवाडा जंगलातून उचलून तिने घराच्या ओटीवर आणला. मराठी बालवाङ्मयाचे इतिहासकार ह्या पुस्तकाची नोंद भाषांतराच्या सदरात करून पुढे सरकतात. त्याचे ह्याहून अधिक काही देणे आहे, असे आम्हास वाटते.

आता कथेकडून घराकडे येऊ, कारण मुलाला जबाबदारीचा पहिला धडा पुस्तकात मिळत नाही. तो क्रियापदात मिळतो.

घरात बशी फुटली आहे. मूल काय म्हणते? “बशी फुटली.” मराठीत हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. बशीच कर्ता, तीच फुटणारी. भोवताली कोणी माणूसच नाही. ह्याच्या दुसऱ्या टोकाला “मी बशी फोडली” हे वाक्य आहे. त्यात इतका कठोर कर्तेपणा आहे की ते उच्चारताना मुलाला आपण बशीवर हल्लाच केला असे वाटावे. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये आपल्या भाषेने एक तिसरी रचना जपून ठेवली आहे : “माझ्या हातून बशी फुटली.” हेतू नव्हता हे तीत आहे, आणि हात माझा होता हेही आहे. ना कांगावा, ना शरणागती. ज्या कोणी पूर्वजांनी ही रचना रूढ केली, त्यांनी बालशिक्षणाचे एक प्रकरणच दोन शब्दांत लिहून ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि हीच रचना आपण मुलांना सर्वांत कमी शिकवितो. “कोणी फोडली?” हा आपला प्रश्न दोनच उत्तरे मागतो : “मी” किंवा “मी नाही”. चार वर्षांच्या मुलाने त्यांतले दुसरे निवडले तर त्याला खोटारडे ठरविण्याआधी आपण काय विचारले ते आठवावे.

पापनाशमच्या गल्लीतील मुलेही ह्याला अपवाद नाहीत. “ओडंजु पोच्चु”, म्हणजे फुटून गेले, हे शब्द येथे कानी पडले की आम्हास घरच्यासारखे वाटते. तमिळमध्येही फुटण्याचे व फोडण्याचे क्रियापद एकाच मुळाची दोन रूपे आहेत, आणि तेथील मुलेही पहिलेच रूप पसंत करतात. मनुष्यस्वभाव व्याकरणाची निवड सगळीकडे एकाच पद्धतीने करतो, असे दिसते.

येथे आमच्या वाचकांपुढे एक निवेदन करणे भाग आहे. आपल्यापैकी बहुतेकांची हयात ज्या भाषेत जाते तीत कर्ता नसतोच. प्रकरण प्रलंबित राहते, कागद गहाळ होतो, नोंद नजरचुकीने राहून जाते. कोणी प्रलंबित ठेवले, कोणाची नजर चुकली, हे टिप्पणीत नसते. ह्या शैलीवाचून राज्यकारभार चालणार नाही हे आम्ही जाणतो. दहा जणांनी मिळून घेतलेल्या निर्णयाला एकाचे नाव चिकटविणे अन्यायाचेही होईल. परंतु ही भाषा कचेरीच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. ती आपल्याबरोबर घरी येते. “आज तुझी वही आणायची राहून गेली,” असे बाप म्हणतो आणि मूल ऐकत असते.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. रांगते मूल उंबऱ्यास अडखळून पडते. आजी उंबऱ्यावर दोन चापट्या मारते, “हात रे उंबऱ्या, आमच्या बाळाला पाडतोस काय?” म्हणून त्याला दटाविते, आणि मूल रडता रडता हसते. ही युक्ती अत्यंत प्रेमळ आहे व तात्काळ गुणकारी आहे. तीवर टीका करणे म्हणजे आजीवर टीका करणे. ते धाडस कोण करील? तरीही म्हणावेसे वाटते की ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ह्या म्हणीतील अंगण प्रथम तेथेच वाकडे होते.

कायद्याने ह्या बाबतीत मुलास पुरेशी सवलत दिली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ८२ वे व ८३ वे कलम आमच्या अनेक वाचकांस मुखोद्गत असतील. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा ह्या वयात मुलाची समज कितपत परिपक्व झाली आहे ते पाहावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेने हेच तत्त्व २० व्या व २१ व्या कलमांत कायम ठेवले. म्हणजे सातव्या वर्षापर्यंत न्यायाधीश मुलाला काही विचारू शकत नाही. ही सात वर्षे कायद्याने घराकडे सोपविली आहेत.

त्या वयात मुलाच्या मनात न्याय कसा चालतो, ह्याचा शोध झां पियाजे ह्यांनी जिनिव्हा परिसरातील मुलांशी बोलून घेतला. त्यांचे पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मुलांस दोन गोष्टी सांगितल्या. एक मुलगा जेवणाच्या खोलीचे दार उघडतो. दारामागे खुर्चीवर पेले आहेत हे त्याला ठाऊक नसते, आणि धक्का लागून पंधरा पेले फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना फडताळातील मुरांबा चोरून काढू पाहतो आणि त्या खटपटीत एक पेला फुटतो. अधिक वाईट कोण? लहान मुले पुष्कळदा म्हणत : पंधरा पेले फोडणारा. मोठी मुले हेतूकडे पाहू लागतात. पियाजेंच्या ह्या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली, आणि हेतू महत्त्वाचा असेल तेथे तो ठळक करून सांगितला तर लहान मुलेही त्याचा विचार करतात, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले. आम्हास त्यातील एक वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. पेल्यांची संख्या मोजणे मूल कोणाकडून शिकते? दुधाचे पातेले कलंडले तर मोठा आरडाओरडा होतो, आणि धाकट्या बहिणीला लागेल असे काही बोलले तर कोणी वरही पाहत नाही. मूल आपले मोजमाप आपल्या आवाजाच्या पट्टीवरून ठरविते. शब्दांनी केलेल्या नुकसानीला घरात आवाजच नसतो. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे आपण म्हणतो खरे, पण म्हणतो ते बहुधा दुसऱ्याच्या मुलाबद्दल.

शब्दांचा विषय निघाला म्हणून आणखी एक निरीक्षण. मराठी मुले दर चार वाक्यांमागे शपथ घेतात. ‘आईशपथ’ हा त्यांचा सर्वांत मोठा मुद्रांक. इकडची मुलेही ‘सत्तियमा’ असे म्हणत आईच्या नावे सत्य उच्चारतात. साध्या शब्दाला बाजारात किंमत राहिली नाही म्हणजे तारण ठेवावे लागते, तसाच हा प्रकार आहे. आणि ही किंमत घालविली कोणी? जेवत नाही म्हणून बागुलबुवा आम्ही आणला. येथील आयांनी पूच्चांडी आणला. दोघेही कधी आले नाहीत. “रविवारी नेईन,” म्हटलेल्या रविवारांचे तर काही विचारूच नये. मुलाला शब्दाची जबाबदारी शिकविणारी कथा लिहू इच्छिणाऱ्या लेखकाने लांडग्याच्या आधी ह्या बागुलबुवाचा समाचार घेतला पाहिजे.

येथवर आम्ही पुष्कळ नकार नोंदविले. ज्या कथेत मूल खरोखर आपल्या कृत्यासमोर उभे राहते अशी कथा आहे तरी का? आहे, आणि ती ह्याच कावेरीच्या मुलखात आहे. तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची कथा तमिळनाडूत कोणाही शाळकरी मुलाला येते. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मरते, गाय राजवाड्याची घंटा ओढते, आणि राजा न्याय म्हणून स्वतःच्या मुलाला रथाखाली घालतो. शेवटी शिवाच्या कृपेने सारे जिवंत होतात. तिरुवारूरच्या देवळापाशी ह्या प्रसंगाचा दगडी रथ आहे. तो पाहून आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. राजाची न्यायनिष्ठा म्हणून ही कथा सांगितली जाते, आणि त्या अर्थाने ती भव्य आहे. परंतु तीत मुलगा कोठे आहे? घंटा गायीची, न्याय राजाचा, चाक रथाचे. मुलगा फक्त चाकाखाली.

बाराव्या शतकातील शेक्किळारांच्या ‘पेरियपुराणा’त मात्र मूळ कथेत एक बारीक तपशील आहे. दगडी रथात आणि शाळेतील सांगण्यात तो गळून पडतो. वासरू मेल्यावर राजपुत्र पळून जात नाही. तो व्याकूळ होतो आणि वडिलांच्या कानी ही गोष्ट जाण्यापूर्वी ब्राह्मणांस विचारून प्रायश्चित्त घ्यावे, म्हणून त्यांच्याकडे निघतो. आमच्या मते सबंध कथेतील सर्वांत मानवी क्षण हा आहे. ह्या मुलास पश्चात्ताप झाला आहे. भरपाई करण्याची त्याची तयारी आहे. फक्त एक गोष्ट त्याच्याने होत नाही : वडिलांसमोर जाऊन उभे राहणे. आणि ज्याचा बाप वासरामागे मुलगा देणारा आहे, त्याला ते जमू नये ह्यात नवल ते काय? न्यायाची कठोरता जेवढी मोठी, तेवढा कबुलीचा रस्ता लांबचा. ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे मनुनीती चोळ हा आदर्श राजा असला तरी आदर्श बाप होता काय, असा प्रश्न मनात येतो. तिरुवारूरच्या लोकांनी ह्या पाखंडाबद्दल आम्हास क्षमा करावी.

ह्या राजपुत्रासमोर राजकोटचा एक पंधरा वर्षांचा मुलगा ठेवून पाहावा. भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा काढल्याची गोष्ट गांधीजींनी ‘सत्याच्या प्रयोगां’त लिहिली आहे. भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी ते केले होते. कर्ज फिटले, पण मनाला स्वस्थता मिळेना. तोंडाने सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मुलाने चिठ्ठी लिहिली. अपराध कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली, आणि ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, क्षणभर विचार करून त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. एवढेच.

ह्या प्रकरणाचे मोठेपण मुलाच्या धैर्यात आहे असे सहसा समजले जाते. आम्हास त्याचा अर्धा भाग करमचंद गांधींकडे द्यावासा वाटतो. कबुली ही दोघांची कृती आहे. ती देणारा जितका लागतो तितकाच ती घेणारा. ज्याला कबुली ऐकण्याचा अधिकार आहे अशाच्या पुढे ती व्हावी, ह्या आशयाचे गांधीजींनीही त्या प्रकरणात म्हटले आहे. वडिलांनी उपदेशाचे व्याख्यान दिले असते, किंवा “ठीक आहे, विसरून जा,” असे म्हटले असते, तर दोन्ही प्रकारे चिठ्ठी वाया गेली असती. त्यांनी ती पूर्ण वाचली, तिचे दुःख आपले करून घेतले, आणि मग तो कागद दप्तरी दाखल करून ठेवला नाही. आपल्यासारख्या, प्रत्येक कागद जपून ठेवणाऱ्यांनी ह्या शेवटच्या कृतीकडे जरा अधिक वेळ पाहावे. मुलाने एकदा कबूल केलेली चूक पुढे सहा महिने प्रत्येक प्रसंगी काढून दाखविली, तर सातव्या महिन्यात ते काही कबूल करणार नाही.

मराठीत ह्या जातीचे पुस्तक एकच झाले, आणि त्याचे नाव वाचकांनी केव्हाच ओळखले असेल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावर भाबडेपणाचा आरोप नेहमी होतो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. अश्रूंचे प्रमाण काही ठिकाणी कथेच्या पेलण्यापलीकडे जाते, आणि श्यामचे लक्ष आपल्या कृत्याहून आईच्या चेहऱ्याकडे अधिक असते. आईला दुःख होऊ नये म्हणून चांगले वागणे ही जबाबदारीची पहिली पायरी असेल, शेवटची नव्हे. परंतु टीकाकारांचे एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ह्या पुस्तकाचा घाटच कबुलीचा आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री आपल्या सोबत्यांस स्वतःच्या बालपणीच्या खोड्या, हट्ट, भित्रेपणा आणि चोरीसुद्धा सांगतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे एका प्रकरणाचे नावच आहे. तेथे हेतू पुस्तके वाचून मोठे होण्याचा आहे, म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही, एवढा कठीण भेद आई त्या वयाच्या मुलाला करून दाखविते. नीतिकथेत वडीलधारे मुलाचे दोष सांगतात. येथे एक वडीलधारा माणूस आपले दोष सांगतो. ह्या एका उलथापालथीने मराठी बालवाङ्मयात जे झाले ते शंभर वर्षांच्या तात्पर्यांनी झाले नव्हते.

त्यातही आमच्या मते सर्वश्रेष्ठ कथा आहे ती अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालण्यास विसरली. वडील व मुले काही न बोलता जेवून उठली. आई शेवटी जेवावयास बसली तेव्हा तिला कळले आणि वाईट वाटले. न बोलण्यातील वडिलांचे सौजन्य सर्वांना आठवते. आम्हास आठवते ते हे की आईने ती चूक चुलीवर, घाईवर किंवा मिठाच्या बरणीवर ढकलली नाही. मूल पाहत आहे आणि घरातील सर्वांत आदरणीय व्यक्ती म्हणते आहे की माझ्याकडून राहिले. ह्यापुढे दहा लांडगे फिके आहेत. इतकी लहान घटना, चिमूटभर मिठाची, आणि तीतून मुलाला कळते की चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही. ही कथा वाचल्यावर पियाजेंचे पंधरा पेलेही आठवावेत.

आमच्या गावाच्या नावातच पापाचा नाश आहे, तेव्हा त्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिरुनेलवेलीकडे ह्याच नावाचे दुसरे गाव आहे. येथे विषय आमच्या तंजावर जिल्ह्यातील गावाचा. येथे एकशे आठ शिवलिंगांचे रामलिंगस्वामींचे देऊळ आहे. स्थलपुराण असे सांगते की रामेश्वरी पूजा करून परतताना, खर-दूषणांच्या वधाचा दोष अजून आपल्यावर आहे, असे रामास जाणवले. मग सीतेने वाळूची लिंगे केली, मारुतीस काशीहून लिंग आणण्यास धाडले, आणि अशी एकशे आठ लिंगे येथे स्थापन झाली. खर-दूषण मारले गेले ते जनस्थानात, म्हणजे आपल्या नाशिकच्या पंचवटीकडे. नाशिकची कृती पापनाशमला येऊन फेडावी लागली, ह्याची मौज इकडे बदली होऊन आलेल्या नाशिककराने घ्यावी.

मौज बाजूस ठेवून पाहिले तर कथेचा आशय गंभीर आहे. रामापाशी सबबी होत्या, आणि त्या सर्व खऱ्या होत्या. ते राक्षस होते. त्यांनी आधी चाल केली होती. ऋषींना अभय देणे हे क्षत्रियाचे कर्तव्य होते. शिवाय रामेश्वरी पूजा होऊन गेलीच होती. तरीही तो थांबतो आणि म्हणतो की हे माझ्या हातून झाले. त्या देवळात ओळींनी मांडलेली लिंगे पाहताना भाविकाला पुण्य मोजावेसे वाटते. आम्हास तेथे श्रम दिसतात. एक लिंग करून भागले असते. एकशे आठ करावी लागली. गावाच्या नावावरून कोणास वाटेल की येथे पाप धुऊन मिळते. कथेत ते धुतले जात नाही. वाळू कालवून, हाताने, एकेक करून फेडले जाते. ‘क्षमा माग’ एवढे म्हणून आपण मुलाला मोकळे करतो. शेजाऱ्याच्या कुंडीत नवे रोप लावून ये, असे म्हणत नाही, कारण त्यास वेळ लागतो आणि आपल्यालाही बरोबर जावे लागते. उपदेश करणाऱ्या शेकडो मराठी बालकथांत भरपाईचे असे हातचे काम दाखविणाऱ्या कथा फार थोड्या सापडतात. जेथे कथा संपते तेथे खरे तर ती सुरू व्हावयास पाहिजे.

ह्या चर्चेचा परमुलखातील मराठी घरांशी अधिक निकटचा संबंध आहे, तो असा. बदलीच्या गावी आपली मुले शाळेत इंग्रजी व तमिळ, तेलुगू किंवा कन्नड बोलतात, मित्रांशी तेच. मराठी उरते घरात. आणि घरात ती कशासाठी उरते? “ऊठ, आवर, अभ्यास कर, हे काय केलेस, पुन्हा असे करू नकोस.” आज्ञा आणि खडसावणी ह्यांपुरतीच मातृभाषा उरली, तर मूल मराठीत दटावले जाते आणि दुसऱ्या भाषेत सबब सांगते. आम्ही हे अनेक घरांत पाहिले आहे. बापाचा प्रश्न मराठीत आणि मुलाचे उत्तर इंग्रजीत, असा संवाद ऐकताना लोक भाषा विसरल्याची हळहळ करतात. आम्हास त्याहून अधिक चिंता वाटते. जी भाषा केवळ आरोपपत्राची झाली, तीत कोणी कबुली देत नाही. ‘माझ्या हातून’ हे दोन शब्द ज्या मुलाने घरात कोणाही मोठ्याच्या तोंडून ऐकले नाहीत, त्याला ते परीक्षेच्या पुस्तकातून येणार नाहीत. गावाकडच्या घरात आजी असते, काकू असते. आईपाशी सांगता न आलेली गोष्ट तेथे सांगता येते. बदलीच्या गावी न्यायाधीश, फिर्यादी आणि आसरा ही तिन्ही कामे दोनच माणसांवर पडतात. आमच्या मंडळांच्या वाचनालयांत मुलांसाठी पुस्तके मागविताना ह्या गोष्टीचा विचार होत नाही. इसापनीतीच्या सहा प्रती येतात आणि कपाट भरते.

तिरुवारूरच्या त्या राजपुत्राची कथा मराठीत मुलांसाठी कोणी नव्याने लिहावी, अशी आमची इच्छा आहे. घंटेपासून नव्हे, रथ थांबला त्या क्षणापासून. वासरू रस्त्यात पडले आहे, सारथी खाली पाहत आहे. एका वाटेला ब्राह्मणांची घरे आहेत आणि दुसऱ्या वाटेला राजवाडा. तो कोणत्या वाटेने गेला, वाटेत त्याला कोण भेटले, वडिलांसमोर त्याने पहिले वाक्य कोणते उच्चारले, हे सारे लेखकाने ठरवावयाचे आहे. शेवटी शिवास यावे लागेल की नाही, तेही त्यानेच ठरवावे. तिरुवारूर, नागपट्टणम, कुंभकोणम ह्या भागांत काम केलेले आणि तो दगडी रथ पाहिलेले वाचक आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी हे लिहिलेच, तर दहा वर्षांच्या मुलाकडून ते आधी मोठ्याने वाचून घ्यावे, आणि जेथे ते अडखळेल तेथे खूण करून मग संपादकांकडे पाठवावे.